अकरा दिवसांचं गाणं

रविवारच्या जेवणाचं बोलावणं आत्याचं होतं, म्हणजे नाही म्हणायची सोय नव्हती. तिने आपल्या दोन्ही भावांना वेगवेगळे निरोप धाडले होते. थोरल्याला सांगितलं, धाकटा येतोय, उगाच तोंड सोडू नकोस. धाकट्याला सांगितलं, दादा येतोय, उगाच तोंड शिवून बसू नकोस. दोघांच्या खोडी तिला तोंडपाठ होत्या.

बावीस वर्षं हे दोघे एकाच टेबलावर जेवत आले होते आणि एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. जे काय बोलायचं ते मधे बसलेल्या बहिणीमार्फत. सुरुवातीला तिला याचं रडू यायचं, मग राग यायला लागला, आणि आता ती पोस्टमनइतकी निर्विकार झाली होती. फरक एवढाच, की ही पोस्टमन पत्रं बदलून द्यायची. ‘त्याला सांग, आवाज जरा कमी कर’ याचं ‘दादा, तुझा आवाज अजून खणखणीत आहे हं’ व्हायचं, आणि घर टिकायचं.

तिच्या दोनच खोल्या, खाली लाँड्री, त्यामुळे बारा महिने जमीन कोमट. शिवणाचं मशीन खिडकीखाली सरकवून तिने दोन टेबलं जोडली होती. त्यांची उंची सारखी नव्हती. सांध्यावर ठेवलेलं ताट कलायचं, म्हणून तिथे ती स्वतः बसली. एका बाजूला थोरला आणि वहिनी, दुसऱ्या बाजूला धाकटा, आणि समोर थोरल्याची मुलगी भिंगरी, एका कानात अजून वायर अडकवलेली.

“ती वायर काढ गं,” वहिनी लेकीला म्हणाली. “माणसांत बसली आहेस.”

“त्याला विचार, सूप अजून हवंय का,” थोरला म्हणाला.

“त्याला सांग, मला तोंड आहे,” धाकटा म्हणाला.

“नको म्हणतोय,” आत्याने निरोप पोचवला आणि धाकट्याच्या वाटीत एक पळी सूप ओतलं.

पण आजचं काम पोस्टमनच्या आवाक्यातलं नव्हतं. संध्याकाळी पाच वाजता झाकणांच्या कारखान्याच्या जुन्या कॅंटीनमध्ये भिंगरीचं गाणं होतं, आणि ती प्रेसवाल्यांचं गाणं गाणार होती. पुढच्या आठवड्यात तेच गाणं मोठ्या स्टुडिओत रेकॉर्ड व्हायचं होतं. सगळं ठरलं होतं आणि आयत्या वेळी पोरीने खोडा घातला होता. या गाण्यात काकांची दोन बोटं गेलीत, काका हो म्हणाले तर गाईन, नाहीतर नाही. कुणावर गेली आहे ही, असं वहिनी वैतागून म्हणाली होती. आत्याने उत्तर दिलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

“काका, मला तुमच्याशी बोलायचंय,” भिंगरीने वायर काढून टाकली. “थेट.”

“बोल की. तुझं-माझं कुठे वाकडं आहे?”

“प्रेसचं गाणं मी गाऊ का?”

धाकट्याने पाव तोडला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं, पण पाव तोडताना ते कुणाच्या लक्षात आलं नसतं. सायकलदुरुस्तीच्या दुकानात त्याच हाताने तो चाकं सरळ करायचा.

“ते गाणं आहे असं तुला कुणी सांगितलं?” तो म्हणाला. “ते काम होतं.”

*

यात काही खोटं नव्हतं. प्रेसचं काम दोघांचं असायचं. एक जण पत्रा लावणारा, दुसरा पाय देणारा. धाकटा पत्रा आत सरकवायचा, थोरला पायाखालचं पायडल दाबायचा, प्रेस पडायची आणि झाकण बाहेर. चाळीस प्रेसच्या आवाजात ‘थांब’ म्हटलेलं ऐकू जायचं नाही, पण गाण्याचा सूर जायचा. म्हणून पाय देणारा गायचा. तीन ओळी माणसाच्या, चौथी प्रेसची:

ये गं पोरी पत्र्याची,
बस मांडीवर लोखंडाच्या,
हात माझा घरी गेला...

आणि मग दणका. तो दणका कुणी म्हणायचा नसतो, तो प्रेस म्हणते.

पुढे प्लॅस्टिकची झाकणं आली आणि कारखाना बसला. काम गेलं, तशी गाणी मोकाट सुटली. आधी ती लग्नांत शिरली, मग दारूच्या दुकानांत, जिथे रिकामे प्रेसवाले टेबलावर मुठी आपटून ती म्हणायचे आणि शेवटी भांडायचे. त्यांची पोरं हे ऐकत मोठी झाली. ओस पडलेल्या शेडमध्ये कितीही आवाज केला तरी तक्रार करायला शेजारी उरले नव्हते, तेव्हा पोरांनी तिथे ड्रम नेले, नापास झाकणांच्या माळा करून वाजवल्या, पुढे कुणाच्या तरी हाती कॉम्प्युटर लागला. तीन ओळी आणि एक दणका. याला ती ‘धाड’ म्हणतात. आता लांबलांबची पोरं धाडवर नाचतात, ज्यांनी जन्मात प्रेस पाहिलेली नाही. आमचं गाव एकेकाळी झाकणांसाठी प्रसिद्ध होतं, आता धाडसाठी आहे. म्हाताऱ्यांनी याचा अभिमान बाळगायचा की लाज, ते अजून ठरलेलं नाही. दर रविवारी वेगळं ठरतं.

भिंगरीला मात्र यात काही ठरवण्यासारखं वाटत नव्हतं. कारखाना बंद झाला तेव्हा ती पाळण्यात होती. तिच्यासाठी ते घरचं गाणं होतं, बापाने थोपटत म्हटलेलं. तिने फोन दोन टेबलांच्या मधे ठेवला आणि आपल्या आवाजातलं गाणं लावलं.

धाकटा मान खाली घालून ऐकत होता. गाणं संपलं तेव्हा तो म्हणाला, “पुन्हा लाव.”

तिने लावलं. त्याने डोळे मिटले. भिंगरीच्या मनात आलं, आवडलं बहुतेक. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा मात्र तिला कसंतरी वाटायला लागलं, कारण आवडलेलं गाणं ऐकताना माणसाचा जबडा असा आवळत नाही.

“तिसऱ्या ओळीतला शेवटचा शब्द कुठे आहे?” त्याने विचारलं.

“कुठला शब्द?”

“हात माझा घरी. पुढे?”

“पुढे धाड.”

“पुढे ‘गेला’. हात माझा घरी गेला. मग धाड. तुझ्यात तो शब्दच नाही.”

“मला असंच येतं,” भिंगरी म्हणाली. “बाबांनी शिकवलं तसं. लहानपणापासून मी हे असंच ऐकत आले.”

वहिनीने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“‘घरी’ म्हणताना हात अजून आत असायचा, पोरी,” धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “पत्रा नीट बसला का हे बोटांनी बघायचं असतं. ‘गेला’ म्हणेपर्यंत हात बाहेर. तेवढा एक शब्द आमचा असायचा. पुढे ऑर्डरी कमी झाल्या, सुपरवायझर म्हणाला, जो सेक्शन हळू चालेल तो आधी बंद करणार. तेव्हा पाय देणारे गाणी पळवायला लागले, भरभर म्हणायला लागले. आमच्या प्रेसवर अकरा दिवस हे असं गायलं गेलं, शब्द गिळून. बारावा दिवस मी पाहिला नाही. तू गातेस ते आमचं रोजचं गाणं नाही. ते त्या अकरा दिवसांचं आहे.”

“पण चौकशीत तर...” भिंगरी बापाकडे बघत थांबली. घरात सगळ्यांना ठाऊक होतं चौकशीत काय झालं ते. साहेबांनी थोरल्याला एकच प्रश्न विचारला होता, गाणं रोजच्यासारखंच होतं का? तो हो म्हणाला. कागदावर आलं, पत्रा लावणाऱ्याचा निष्काळजीपणा. गावाने त्याचं सोपं करून घेतलं, डुलकी लागली असेल. तेव्हापासून धाकट्याचं नाव डुलक्या पडलं ते पडलंच.

“ताई,” धाकटा बहिणीला म्हणाला, “त्याला विचार, पोरीला कुठलं गाणं शिकवलंस.”

आत्याने हा निरोप पोचवला नाही. बदलून काय द्यावं, तेही तिला सुचेना. थोरला खुर्ची मागे सारून उठला आणि मागच्या जिन्यात जाऊन उभा राहिला.

*

खोटं बोललेला माणूस कागद सांभाळतो, साक्षीदार सांभाळतो. थोरल्याला गाणं सांभाळायचं सुचलं नव्हतं. जिन्यात लाँड्रीची वाफ वर येत होती आणि तो हळू आवाजात तिसरी ओळ म्हणून बघत होता. दोनदा म्हटली. दोन्हीदा शेवटचा शब्द आलाच नाही. इतक्या वर्षांत एकदाही आपल्याला हे ऐकू येऊ नये, या विचाराने त्याला स्वतःचीच भीती वाटली. लेकीला थोपटताना, दवाखान्याच्या दारावर ड्यूटीला बसल्या बसल्या गुणगुणताना, तो रोज तेच अकरा दिवस गात होता.

वहिनी बाहेर आली. तिच्या हातात त्याची ताटली होती, अंडं तसंच राहिलेलं.

“खाऊन घ्या.”

“तू ऐकलंस ना?”

“मी कधीचंच ऐकलंय. झोपेत गाता तुम्ही. तिसरी ओळ अर्धीच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले. आधी वाटलं महिनाभरात बोलाल. मग वाटलं पोरगी शाळेत जायला लागली की बोलाल. नंतर मलाच लाज वाटायला लागली, की आता आपणही यात आहोत.”

“सेक्शन वाचेल असं वाटलं होतं गं. पळवलं म्हणून सांगितलं असतं, तर चौकशी वरपर्यंत गेली असती, सगळ्यांच्याच पोटावर पाय आला असता. दोघांचीही नोकरी...”

“हे मला सांगून काय उपयोग?” वहिनी म्हणाली. “मी पत्रा लावत नव्हते.”

आणि नोकरी तरी कुठे वाचली? तीन महिन्यांत कारखान्याला कुलूप लागलं. थोरल्याने ताटली तिच्या हातून घेतली, जिन्याच्या कठड्यावर ठेवली आणि आत गेला.

तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला आणि आत्याकडे न बघता सरळ धाकट्याकडे बघितलं. आत्याच्या हे सगळ्यांत आधी लक्षात आलं.

“मी गाणं पळवलं,” थोरला म्हणाला. “अकरा दिवस. आणि चौकशीत सांगितलं की रोजचंच होतं. तुला डुलकी लागली नव्हती. माझं चुकलं. चुकलं म्हणजे, मी खोटं बोललो.”

धाकट्याने ताटातले पावाचे कण एका बाजूला गोळा केले. कण संपले तेव्हा तो बोलला, पण बहिणीकडे बघून.

“ताई, त्याला सांग. पळवलं त्याचं मला काही नाही. मीही मान डोलावली होती. सगळ्या शेडने डोलावली होती. कारखाना वाचतोय म्हटल्यावर बोटं काय, लोकांनी मुंडकं पण घातलं असतं. पण साहेब कागदावर निष्काळजी लिहीत होता, तेव्हा हा आपल्या बुटांकडे बघत होता. मी ह्याच्याकडे बघतोय आणि हा बुटांकडे. नवीन पोरांना वाटतं डुलक्या हेच माझं नाव आहे. परवा एक जण म्हणाला, डुलकीकाका, पंक्चर काढा. काढलं मी.”

“दादा,” आत्या म्हणाली, “तो म्हणतोय...”

“ऐकलं मी.”

“अजून संपलं नाही,” धाकटा म्हणाला. “त्याला सांग, इथे कबूल करून काय होणार? फार तर खालच्या लाँड्रीवाल्याला ऐकू जाईल. आज कॅंटीनमध्ये सगळे जमतील. तिथे म्हणावं.”

“आणि गाणं?” भिंगरीने विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा तिने काही प्रयत्न केला नव्हता.

“गाण्याचं मी तिथेच सांगेन,” धाकटा म्हणाला. मग त्याने सूप मागून घेतलं, आणि आत्याला कळेना की हसावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा.

*

कॅंटीनमध्ये वाढायचा लांबच लांब कट्टा अजून तसाच होता, फक्त त्यावर आता पातेल्यांऐवजी स्पीकर. पुढे पोरं उभी, मागे खुर्च्यांवर म्हातारे. धाकटा तिसऱ्या रांगेत कडेला बसला. त्याला इथे येऊन वर्षं झाली होती आणि आपण का आलो हे त्याला धड सांगता आलं नसतं. दादा बोलणार नाही याची त्याला जवळजवळ खात्री होती. बोलला नाही तर गप्प उठून जायचं आणि पुन्हा आत्याच्या घरी त्या टेबलावर बसायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं.

भिंगरीने आधी दुसरंच एक गाणं घेतलं. दर चौथ्या ओळीला धाड यायची आणि पुढची पोरं डोक्यावर टाळी द्यायची. मागच्या खुर्च्यांवर भलतंच चाललं होतं. धाड आली की म्हाताऱ्यांचे हात मांडीवरून उचलले जायचे आणि छातीशी यायचे, प्रेसखालून काढून घ्यावेत तसे, सगळ्यांचे एकदम, बायकांचेही. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. एकीच्या मांडीवरची पर्स प्रत्येक धाडला खाली पडत होती आणि ती दर वेळी उचलून शेजारणीला म्हणत होती, काय गं बाई हा आवाज. धाकट्याला हसू आलं. मग त्याने खाली पाहिलं, तर त्याचेही हात छातीशीच होते.

गाणं संपलं आणि थोरला कट्ट्याजवळ आला. चाळीस प्रेसच्या वर चढणारा हा आवाज, आणि आज माइक असूनही तोंडातून फुटेना. तो काहीतरी बोलला.

“ऐकू येत नाही,” मागून कुणीतरी म्हणालं.

म्हणजे त्याला ते दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी त्याने माइक बाजूला सारला. गाणं मी पळवलं होतं, तो म्हणाला, आणि चौकशीत मी खोटं बोललो. माझ्या भावाला डुलकी लागली नव्हती. तो त्या सकाळी माझ्यापेक्षा जास्त जागा होता. बोटं त्याची गेली आणि नाव पण त्याचंच गेलं, आणि दोन्ही वेळेला मी शेजारी उभा होतो.

मग पर्सवाली म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, “सहा नंबरच्या प्रेसवर पण पळवलं होतं. माझ्या नवऱ्यानेच.” थोड्या वेळाने आणखी कुणी, “एकोणीस नंबर.” पाठोपाठ खिडकीकडून एक नंबर आला, दाराकडून एक. कुणी रडलं नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसते नंबर येत राहिले, हजेरी चालावी तसे, आणि पुढची पोरं वळून मागे बघायला लागली. ज्यावर आपण नाचतो ते काय आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

धाकटा बसून होता. आपल्याला मोकळं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त खांदे दुखायला लागले, ओझं उतरवल्यावर दुखतात तसे.

“काका?” भिंगरीने कट्ट्याजवळूनच विचारलं. पुढचं तिने काही विचारलं नाही, पण सगळ्या कॅंटीनला कळलं.

“तू नंतर गा,” धाकटा म्हणाला. “आधी तुझ्या बापाला म्हणायला सांग. सगळे शब्द घालून. रेकॉर्डिंगला जाण्याआधी एकदा खरं गाणं ऐक.”

ड्रम वाजवणारी मुलगी उठली आणि तिने थोरल्याला आपली जागा दिली. मोठ्या ड्रमला पायाने वाजवायचं पायडल असतं. थोरल्याने ते आधी नीट बघून घेतलं, बूट काढला आणि मोजा घातलेला पाय वर ठेवला. मग गायला लागला.

ये गं पोरी पत्र्याची. पोरांना ही चाल फारच सावकाश वाटली, त्यांचे पाय आधीच पुढे जायला बघत होते. बस मांडीवर लोखंडाच्या. त्याचा आवाज हळूहळू जागेवर आला. मागच्या रांगेत कुणीतरी बरोबर म्हणायला लागलं. हात माझा घरी, तो म्हणाला, आणि तिथे अडखळला. भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने श्वास घेतला आणि तो शब्द म्हटला, पुरता, लांबवून. गेला.

आणि पाय दाबलाच नाही.

पाय पायडलच्या वर तसाच होता, उचललेला. सगळे थांबून राहिले. धाकट्याला वाटलं, विसरला. मग त्याला दिसलं की दादा ड्रमकडे बघत नाहीये, लेकीकडेही नाही. माणसांच्या डोक्यांवरून तो तिसऱ्या रांगेच्या कडेला बघत होता, आणि तोंडाकडे नव्हे, त्याहून खाली. हातांकडे. गाणं कसंही असो, पाय देण्याआधी समोरच्याचे हात बघायचे, ही प्रेसवरची पहिली शिकवण होती. त्या अकरा दिवसांत दादा हात बघत नव्हता, घड्याळ बघत होता. हे धाकट्याला तेव्हाही माहीत होतं आणि त्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

आता तो बघत होता. पाय हवेत धरून, कपाळावर घाम, वेळ लागतोय तर लागू दे म्हणून थांबून राहिला होता.

धाकट्याने आपले दोन्ही हात वर केले, तिथवरून दिसतील एवढे वर.

“दाब, दादा,” तो म्हणाला.

थोरल्याने पाय दिला.